अंगणात फरशी घालण्याआधी

सेलूहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यातलं सेलू, परभणीकडचं नव्हे. पत्रासोबत ठेकेदाराने दिलेल्या चार नक्षींचे फोटो आहेत आणि प्रश्न एकच आहे: यातली कोणती नक्षी अंगणाला शोभेल?

घर सासऱ्यांनी बांधलेलं. आठ वर्षांपूर्वी दोघा भावांत वाटणी झाली, अंगणात भिंत आली. यांच्या वाट्याचं अंगण २० बाय ३० फूट आहे. फाटकाशी पतीचा छोटा हत्ती उभा असतो, मधोमध कडुनिंब आहे, मागच्या कोपऱ्यात जाळी टाकलेली जुनी विहीर आहे. सासूबाई ७४ वर्षांच्या. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून वॉकर घेऊन चालतात. धाकट्या मुलीचा निकाह जानेवारीत ठरला आहे. पतींना नागपूरला साडूंच्या घरी पाहिलेला आरशासारखा कोटा हवा आहे.

पत्राच्या अगदी शेवटी दोन ओळी आहेत. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि तो अंगणापेक्षा नऊ इंच वर गेला. मिस्त्री म्हणतो, अंगण फूटभर भरून घ्या. जेठांची बाजू खाली राहील, पाणी तिकडे जाईल, पण त्यांची नाली वेगळी आहे.

आपा, मी तुमच्या चार फोटोंपासून नव्हे, या दोन ओळींपासून सुरुवात करतो. फरशीची नक्षी पाणी कुठे जाणार यावरून ठरते. ते आधी ठरलं नाही, तर चारांपैकी कोणतीही नक्षी दोन पावसाळ्यांत उखडेल.

थोडा हिशेब करू. तुमचं अंगण ६०० चौरस फूट. आपल्या भागात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो असं धरलं, तर या एवढ्याशा जागेवर वर्षाकाठी सुमारे ५५ हजार लिटर पाणी पडतं. एका तासात इंचभर पाऊस झाला, तर चौदाशे लिटर, म्हणजे सात पिंपं. आज त्यातलं बरंचसं मातीत जिरतं किंवा साचून उन्हाने वाळतं. दगड घातला की ते सगळं वाहू लागेल. मिस्त्री सांगतो तसं अंगण भरलं, तर ते जेठांच्या भिंतीच्या पायाशी जाऊन उभं राहील. त्यांची नाली वेगळी असेल, पण पाणी नालीपर्यंत पोहोचायच्या आधी भिंतीत शिरतं. सासऱ्यांच्या काळची भिंत, बहुधा मातीत रचलेली वीट. दोन वर्षांत पोपडे, तिसऱ्या वर्षी भेग, आणि मग ती भेग भिंतीत राहत नाही. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल प्रेषितांची (स.) शिकवण आपल्या घरांत लहान मुलांनाही पाठ असते. इथे तर शेजारी सख्खा भाऊ आहे.

शिवाय अंगण फूटभर भरणं तुमच्याही फायद्याचं नाही. घराचं जोतं दीड फूट उंच आहे असं तुम्ही लिहिलंय. अंगण भरल्यावर सहाच इंच उरेल. उद्या रस्त्यावर सिमेंटचा आणखी एक थर आला की मिस्त्री पुन्हा भरायला सांगेल, आणि मग पाणी ओसरीत येईल.

तेव्हा आधी मोजा. वीस-तीस फूट पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा. मिस्त्रीकडे ती असतेच. एक टोक अंगणात, दुसरं गल्लीच्या नालीत धरून पाहा. रस्ता नऊ इंच वर आहे हे खरं, पण नालीचा तळ रस्त्यापेक्षा किती खाली आहे? तो दीड फूट खाली असेल, तर तुमच्या अंगणापेक्षा तो नऊ इंच खालीच आहे, आणि अंगण न भरताही पाणी आपोआप बाहेर जाऊ शकतं. जेमतेम, पण जातं. हे एक माप न घेता लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून मुरूम टाकतात.

मोजमाप जमलं तर आराखडा असा करा. भरायचा तो फक्त फाटकाचा उतार. बारा फूट लांबीत नऊ इंच चढ म्हणजे सोळाला एक. गाडीला सोपा, वॉकरलाही चालण्यासारखा. फाटकाच्या रेषेत उंबऱ्यासारखा इंचभर उंचवटा ठेवा, नाहीतर रस्त्याचंच पाणी उतारावरून आत येईल. उताराच्या पायथ्याशी आडवी नाली आणि तिच्यावर लोखंडी जाळी. बाकी अंगणाला दोन्हीकडून मध्याकडे ढाळ: तुमच्या घराकडून दहा फुटाला दोन इंच, जेठांच्या भिंतीकडूनही दहा फुटाला दोन इंच. मध्ये त्याच दगडाची उथळ पन्हळ, ती जाळीच्या नालीला मिळेल, आणि तिथून पाइपने गल्लीच्या नालीत. पाइपाच्या तोंडाला झडप बसवा, कारण मुसळधार पावसात गल्लीची नाली उलटी वाहते. बाहेरचं जोडकाम करण्याआधी नगरपंचायतीत विचारून घ्या. आणि कडुनिंबाची जागा सगळ्यांत खोल ठेवा. एखाद्या रात्री पाणी साचलंच तर ते दोन्ही घरांपासून दूर, झाडाखाली साचेल.

विहिरीचा मोह आवरा. पाऊस विहिरीत सोडायचा तर छताचा, तोही गाळणीतून. अंगणाच्या पाण्यात गाडीचं तेल, साबण, बकरीच्या लेंड्या असं सगळं असतं. शोषखड्डा करायचा असेल तर घरापासून निदान दहा फूट लांब करा, आणि काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणा. भिजलेल्या काळ्या मातीत पाणी जिरत नाही, मुरमात जिरतं.

आता या काळ्या मातीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आपल्या भागातल्या फरश्या बिघडतात त्या हिच्यामुळे. वर्धा जिल्ह्यात आपण बहुतेक ठिकाणी लाव्हाच्या दगडावर राहतो. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहून थिजलेला तो काळा पाषाण, आणि तोच झिजून झालेली ही माती. गिरडला बाबा फरीद यांच्या दर्ग्याच्या टेकडीवर गोल, सुपारीसारखे दगड सापडतात. लोककथा सांगते की फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला. भूशास्त्राच्या भाषेत त्या याच लाव्हाच्या पोकळ्यांत भरलेल्या खनिजांच्या गाठी आहेत. दगड पक्का, पण त्याची माती मात्र कापसाला जितकी चांगली तितकी बांधकामाला वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच तुमच्या अंगणाखालीही पडतात. फरशीला वर्षातून एकदा खालून उचललं जातं, एकदा खाली सोडलं जातं. सिमेंटमध्ये जाम बसवलेली पातळ फरशी हे दोन-तीन वर्षं सहन करते, मग मधोमध तडकते. लोक दगडाला दोष देतात.

उपाय जुनाच आहे. निदान फूटभर, गाडीच्या जागी दीड फूट काळी माती काढून टाका. तिच्या जागी मुरूम, एका वेळी सहा इंचांहून जास्त नको. प्रत्येक थरावर पाणी मारायचं आणि धुम्मस किंवा यंत्राने ठोकायचं. वर चार इंच गिट्टी, तिच्यावर इंचभर रेती किंवा चुरी, आणि मग फरशी. ठेकेदाराच्या दरपत्रकात हे काम एका ओळीत "बेस तयार करणे" म्हणून येतं. ती ओळ फोडून मागा: किती इंच खोदाई, किती ब्रास मुरूम, किती थर. माझ्या मते खर्चातला निम्मा पैसा जमिनीखाली गेला तरी वाईट वाटून घेऊ नये. वरची फरशी स्वस्त घेतली तर ती पुढे बदलता येते. खालचा मुरूम कोणी बदलत नाही.

आता नक्षी. तुमच्या चार फोटोंपैकी पहिला चौकटीचा आहे: सगळे दगड एकाखाली एक, सांधे सरळ रेषेत. दिसायला नीटनेटका, पण गाडीखाली सगळ्यांत कच्चा. गाडी ब्रेक मारते किंवा वळते तेव्हा चाक दगडाला आडवं ढकलतं. सांधा सरळ असेल, तर अख्खी रांग त्या दिशेला सरकायला मोकळी असते. दुसरा फोटो विटेच्या बांधणीचा, म्हणजे प्रत्येक ओळीचा सांधा पुढच्या दगडाच्या मध्यावर. हा बरा, पण एका अटीवर: लांब सरळ रेषा गाडीच्या वाटेला आडव्या याव्यात, वाटेच्या दिशेने नव्हे. तिसरा माशाच्या काट्याचा, ज्याला ठेकेदार हेरिंगबोन म्हणतात. यात प्रत्येक दगडाचं टोक शेजारच्याच्या कुशीत टेकतं, त्यामुळे कुठेही ढकललं तरी जोर पुढच्या चार-सहा दगडांत वाटला जातो. गाडी उभी राहते आणि वळते तिथे यासारखी मांडणी नाही. फक्त कडेला कापाकापी जास्त होते, म्हणून माल दहा टक्के जास्त आणावा लागतो. विटेच्या बांधणीला पाच टक्के पुरतो.

गाडीच्या जागी मी तुम्हाला दगडापेक्षा गट्टू सुचवेन, हे ऐकून साहेब थोडे नाराज होतील. गाडीखाली टिकेल एवढा जाड दगड महाग पडतो. इंचभर शहाबादी मालाच्या गाडीखाली फुटणारच. गट्टूसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५६५८. त्यात हलक्या वाहनांसाठी ६० मिलिमीटर जाडी आणि त्याहून जास्त रहदारीसाठी ८० मिलिमीटर सांगितली आहे. ५० मिलिमीटरचा फक्त पायी चालण्यासाठी. छोटा हत्ती भरून येत असेल तर ८० घ्या, फरक फार नसतो. ८ बाय ४ इंचांचा साधा विटेच्या आकाराचा गट्टू घ्या, काट्याची मांडणी त्याचीच होते. झिगझॅग आणि डमरू आकारांचीही पकड असते, पण पुढे एखादा फुटला तर तोच साचा सापडेल याची खात्री नसते. तुमची गाडीची जागा १२ बाय २५ म्हणजे ३०० चौरस फूट धरली, तर सुमारे १४०० नग आणि कापाकापीचे दीडशे. सांध्यांत सिमेंट ओतू देऊ नका. बारीक कोरडी रेती झाडूने भरायची. गट्टू हलू-बसू शकतात म्हणूनच काळ्या मातीत तगतात.

एक गोष्ट मिस्त्री हमखास टाळतात: कड. गट्टूंच्या चारही बाजूंना घट्ट रोवलेली किनार नसेल, तर काट्याची नक्षीसुद्धा कडेने उसवत जाते, कडेला न शिवलेल्या गोधडीसारखी. पाडलेल्या जुन्या भिंतीची घडीव काळी खांडकी घरामागे पडून आहेत असं तुम्ही लिहिलंय. ती किनारीला लावा, काँक्रीटमध्ये अर्धी गाडून. विकत मिळणाऱ्या सिमेंटच्या किनारीपेक्षा ती कितीतरी दणकट, आणि सासऱ्यांच्या घराचा दगड घरातच राहील.

चौथा फोटो आठ कोनांच्या ताऱ्यांचा आहे, खाली "मुघल" असं लिहिलंय. मला तो सगळ्यांत आवडला आणि तुम्ही तो घेऊ नये असं मला वाटतं. ताजमहालच्या चबुतऱ्याभोवती लाल दगडात ताऱ्यांची फरशी आहे, पाहत राहावं अशी. पण ती घडवणारे पिढीजात संगतराश होते आणि एकेक तुकडा पटाशीने जुळवलेला होता. आपला मिस्त्री कटर लावून तारा कापतो तेव्हा मधल्या जागी अंगठ्याएवढे त्रिकोण उरतात. पहिल्या पावसाळ्यात तेच निघतात. कोणत्याही नक्षीत अख्ख्या दगडाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा लहान तुकडा वापरू नये, हा नियम धरा. तारा हवाच असेल तर ओसरीत, छताखाली, एकच करून घ्या. आणि जाता जाता, हल्ली चौकोनी कूफी वळणात अल्लाहचं नाव गुंफलेल्या टाइल्स येतात. दुकानदाराला ती नुसती भौमितिक नक्षी वाटते. पायाखाली घालण्याआधी नीट वाचून पाहा.

आता अम्मींच्या वाटेकडे येऊ. गाडीची जागा सोडून बाकीच्या अंगणाला मी दगडच सांगेन, आणि तो रफ शहाबादी. साहेबांना हवा असलेला कोटा वाईट नाही. घट्ट दगड आहे, घरात छान. पण पॉलिश केलेल्या कोट्यावर साबणाचं पाणी पडलं की तरणा माणूसही घसरतो, आणि तुमच्या नळापासून ओसरीपर्यंत दिवसातून पाच वेळा वुजूचे ओले पाय येणार आहेत. एकदा खुबा मोडलेल्या माणसाला दुसरं पडणं परवडत नाही. वाटेतली इजा करणारी वस्तू दूर करणं हाही ईमानचाच भाग, असं आपण मानतो. मग ती वस्तू आपणच पैसे देऊन वाटेत का बसवायची? कोटाच हवा असेल तर खरखरीत फिनिशचा मागा. दुकानात नमुना आडवा ठेवून त्यावर साबणाचं पाणी ओतायला सांगा आणि चप्पल काढून उभं राहून पाहा. दुकानदाराला राग आला तर दुसरं दुकान.

उन्हाचीही परीक्षा घ्या. मक्केत मस्जिद-उल-हरामच्या खुल्या फरशीला ग्रीसच्या थासोस बेटावरचा पांढरा संगमरवर आहे. तो उन्हात तापत नाही, म्हणून तवाफ करणाऱ्यांचे अनवाणी पाय भाजत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तिथे काळा कडप्पा अंगणात घालणं म्हणजे तव्यावर चालणं. शहाबादीचा फिका राखाडी रंग त्यामानाने सुसह्य. दोन-तीन दगडांचे तुकडे दुपारी दोन वाजता अंगणात ठेवा, तासाभराने तळहात टेकवा. बाकी कोणाचा सल्ला लागणार नाही.

वाटेची रुंदी चार फूट ठेवा. वॉकरला तीनही पुरले असते, पण आधार देणारं माणूस शेजारून चालतं. आणि घरातून कधीतरी जनाजा निघतो, तेव्हा खांदेकऱ्यांना दाटीवाटी होऊ नये. हे लिहायला जड जातं, पण घर बांधणाऱ्याने हे माप लक्षात ठेवायचं असतं. फरशी शक्य तेवढी मोठी घ्या, दोन फुटी, विटेच्या बांधणीत. सांधे कमी म्हणजे वॉकरची चाकं अडकणार नाहीत. दगड दीड ते दोन इंच जाड असू द्या, ठोकलेल्या मुरमावर रेतीत बसवायचे. एखादा वरखाली झाला तर उचलून रेती घालून पुन्हा बसवता येतो. सांधे काठोकाठ भरा. गोल गोटे रोवलेली वाट फोटोत सुंदर दिसते, ती अम्मींच्या वाटेवर नको. काळा-पांढरा बुद्धिबळाचा पटही नको. नजर अधू झालेल्या माणसाला काळा चौकोन खड्ड्यासारखा दिसतो आणि पाय अडखळतो. पायरीच्या कडेला मात्र मुद्दाम वेगळ्या रंगाची पट्टी द्या.

तुमच्या ठेकेदाराच्या नकाशात ही वाट ओसरीपासून फाटकापर्यंत आणि ओसरीपासून न्हाणीपर्यंत काढली आहे. पण तुम्हीच पत्रात लिहिलंय की मधल्या भिंतीत एक छोटं दार आहे आणि अस्रनंतर अम्मी त्या दारातून मोठ्या मुलाकडे जाऊन बसतात. आता ते दार फक्त त्याच वापरतात. त्या दारापर्यंत नकाशात वाट नाही. ती काढून घ्या. बारा-चौदा फुटांचं काम आहे. आणि दाराच्या पलीकडे, जेठांच्या बाजूला, काय आहे तेही पाहावं लागेल. दोन्हीकडची फरशी एका पातळीत आली नाही तर उंबऱ्याशीच ठेच लागेल. म्हणजे काम सुरू करण्याआधी साहेबांना ती पाण्याची नळी घेऊन भाईजानकडे जावंच लागणार. ढाळ कोणत्या बाजूला काढतोय, ते त्यांना त्यांच्याच अंगणात उभं राहून दाखवायचं. त्यांच्या भिंतीलगत फूटभर पट्टी दगडाशिवाय ठेवून तिच्यात गिट्टी भरणार आहोत, हेही सांगायचं. भिंत कोणाच्या नावावर आहे हा विषय त्या दिवशी काढायचा नाही.

कडुनिंबाभोवती सर्व बाजूंनी तीन फूट माती मोकळी सोडा. त्यापलीकडच्या कड्याला उरलेल्या शहाबादीचे तुकडे रेतीत जमवून टाका. तिथे मिस्त्रीला मोकळा हात द्या. फक्त चार तुकड्यांचे कोपरे एका बिंदूत येऊ देऊ नका. मुळं वर आली तर तुकडे उचलून पुन्हा बसवता येतात. मिरच्या, तूर, ईदच्या शेवया वाळवायला सपाट जागा तुम्हाला लागेलच. ती ओसरीसमोर ठेवा, झाडाखाली नको.

कुर्बानीसाठी विहिरीपासून लांबचा एक कोपरा राखा, सहा बाय सहा पुरे. शहाबादी आणि कोटा दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. रक्त-चरबीचा डाग त्यात मुरतो आणि ॲसिडने धुतलं तर दगडच खाल्ला जातो. त्या कोपऱ्यात खरखरीत ग्रॅनाइट किंवा साधं घोटलेलं काँक्रीट घाला, वेगळा ढाळ द्या. रक्त आणि आतडी गल्लीच्या नालीत जाता कामा नयेत, खड्ड्यात पुरायची.

ओसरीसमोर घरातली माणसं जमातने नमाज पढतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हेही सांगतो. फरशीच्या रेषा घराला समांतर जातात, आणि घर गल्लीला समांतर असतं. किबल्याशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. सेलूहून काबा ऐन पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून सुमारे ८ अंश उत्तरेकडे आहे. दहा फूट लांब सफमध्ये हा फरक जवळजवळ दीड फुटाचा होतो. एवढ्या फरकाने नमाजला बाधा येत नाही, उलमांनी यात सवड दिली आहे. पण फरशी नव्याने घालतोच आहोत तर सरळ का घालू नये? सगळं अंगण तिरपं करायची गरज नाही. तेवढ्या भागात चार-चार फुटांवर वेगळ्या रंगाच्या दगडाची बोटभर पट्टी किबल्याला काटकोनात घाला, सफ आपोआप सरळ होईल. दिशा मोबाइलवर पाहा, पण पक्की करायला एक सोपी रीत आहे. दरवर्षी २७ किंवा २८ मे रोजी आपल्या घड्याळात दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य बरोबर काब्याच्या माथ्यावर असतो. त्या मिनिटाला ओळंब्याने सरळ रोवलेल्या काठीची सावली पाहा. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे तोंड केलं की समोर किबला. खडूने रेघ मारून ठेवा.

मे महिना म्हणालो, कारण सगळं काम निकाहच्या आधी उरकू नका. मला माहीत आहे, वरात येणार तेव्हा अंगण चकचकीत दिसावं असं घरात सगळ्यांना वाटतंय. पण शामियान्याचे खांब नव्या फरशीत भोकं पाडणार, देगी उतरवताना कोपरे उडणार, आणि सहा आठवड्यांत भरलेला मुरूम पहिल्या पावसात खचणार. निकाहच्या आधी दोनच कामं करा: अम्मींची वाट आणि फाटकाचा उतार. बाकी अंगणात मुरूम पसरून पाणी मारून ठोका, वर सतरंज्या येणारच आहेत. निकाह झाल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये खोदाई आणि भराव. मेमध्ये किबल्याची रेघ. एक पावसाळा भरावावरून जाऊ द्या, कुठे खचतं आणि पाणी खरंच कुठे थांबतं ते दिसेल. फरशी दिवाळीनंतर, जमीन ना ओली ना भेगाळलेली असते तेव्हा. फरशी घालताना चार कोपऱ्यांत शामियान्याच्या खांबाएवढ्या लोखंडी नळीचे फूट-फूट तुकडे झाकणासकट पुरून ठेवा. पुढच्या कार्याला फरशी फोडावी लागणार नाही.

ठेकेदाराला पैसे तीन हप्त्यांत द्या: भराव ठोकून झाल्यावर, फरशी बसल्यावर, आणि शेवटचा हप्ता एका परीक्षेनंतर. सात-आठ बादल्या पाणी एकदम ओतायचं आणि ते पन्हळीतून जाळीकडे जातं का ते पाहायचं. त्या दिवशी भाईजानलाही बोलावून घ्या.